आरसा पर्समध्ये होता

“ओळखीच्या माणसाकडे काम देऊ नये, संपदा. नंतर भांडता येत नाही.”

अण्णासाहेब, म्हणजे माझे सासरे, हे म्हणाले तेव्हा मटार सोलत बसले होते. मी फारसं लक्ष दिलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीसाठी एक नियम असतो. शिंप्याला कापड मोजून द्यावं. बदलीच्या गावी कुत्रं पाळू नये. त्यातलाच हा एक, असं मला वाटलं.

“अहो, पण देविका ओळखीची कुठे आहे? मैत्रीण आहे माझी,” मी हसत म्हणाले.

“मग तर झालंच,” ते म्हणाले आणि एक दाणा तोंडात टाकला.

काम म्हणजे माझ्या मुलीच्या आवाजाचं काम होतं.

रेवती जन्मली तेव्हा तिच्या टाळूला मागच्या बाजूला फट होती. ओठ शाबूत, चेहरा गोड, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचं नाही. दीड वर्षाची झाल्यावर दिल्लीतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. फट शिवली गेली, पण शिवलेली टाळू आखूड पडली. घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत ती पोचायचीच नाही, त्यामुळे बोलताना हवा तोंडाऐवजी नाकातून निघून जायची. ‘प’ म्हणायचा तर ओठांमागे हवा कोंडावी लागते, आणि रेवतीकडे कोंडायला हवाच उरत नसे. पपई, काकडी, टोपी, सगळं एकाच गुणगुणण्यात विरून जायचं. मला सगळं कळायचं. माझ्या नवऱ्याला, उन्मेषला, निम्मं कळायचं. आमच्या सोसायटीतली मुलं आधी “क्या बोली? क्या बोली?” विचारायची. मग विचारेनाशी झाली. मला ते जास्त लागलं.

आम्ही तेव्हा नुकतेच गाझियाबादला वैशालीत राहायला आलो होतो. सत्त्याण्णव साल. उन्मेषनं मंत्रालयातली नोकरी सोडून मोबाइल फोनच्या कंपनीत उडी मारली होती आणि अण्णासाहेबांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. सोसायटीच्या भिंतीपलीकडे अजून गव्हाची शेतं होती. दर महिन्याला त्यातलं एखादं शेत नाहीसं व्हायचं आणि तिथं बोर्ड उगवायचा.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करू, पण थोडी मोठी होऊ दे. तोवर तोंडात घालायची एक प्लेट बनवून घ्या, तिला स्पीच बल्ब म्हणतात.

“बल्ब?” अण्णासाहेब म्हणाले. “वा! म्हणजे आता घराण्यात कुणीतरी उजेड पाडणार.”

ही प्लेट हॉस्पिटलातही करून मिळत होती. पण तिथं रांग, दर वेळी नवा शिकाऊ डॉक्टर, आणि सगळा कारभार हिंदीत. रेवतीला जे काही अर्धंमुर्धं येत होतं ते मराठीत. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला देविका भेटली. मुंबईला स्पीच थेरपी शिकलेली, लग्न करून दिल्लीला आलेली. नवरा इंद्रजित दातांचा डॉक्टर. दिल्लीत मुनिरक्याजवळ एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळघरात दोघांचं क्लिनिक होतं. तिनं रेवतीला मांडीवर घेतलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, “काय गं चिमणे, तुझ्या घशात कोण बसलंय? मांजर की उंदीर?”

रेवती म्हणाली, “उंदीर.” बाकीच्या बायकांना फक्त एक हुंकार ऐकू आला. देविकाला मात्र बरोबर कळलं. “उंदीर! मग आपण त्याला बाहेर काढू हं.”

दिल्लीत आम्ही मराठी माणसं काय करतो, सांगू? बाहेर दिवसभर हिंदी बोलून जीभ दमते. मग कुणी मराठीत ‘काय गं’ म्हटलं की आपण लगेच चपला काढून त्या माणसाच्या घरात शिरतो. मीही शिरले.

त्या उन्हाळ्यात बस आणि रिक्षा बदलत आम्ही कितीदा त्या तळघरात गेलो याचा हिशेब नाही. आधी इंद्रजितनं वरच्या दातांचा साचा घेतला. त्यावरून टाळूला चिकटून बसणारी पातळ गुलाबी प्लेट केली, दाढांना धरून ठेवायला तारेचे आकडे. मग प्लेटला मागून तारेची शेपटी आली, आणि शेपटीच्या टोकाला बोराएवढा गुलाबी गोळा. तो आखूड टाळूच्या मागे जाऊन बसतो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. एकदम बसवला तर मूल ओकतं, म्हणून थोडा थोडा वाढवत न्यायचा. गोळ्यावर साच्याचा मऊ मसाला लावायचा, मग ‘मान वळव, आता तिकडे वळव, आवंढा गिळ, ‘आ’ म्हण’. रेवती ओकायची, रडायची, आणि देविका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, “बस, झालं हं राणी, अजून एकदाच.”

ती खोटं बोलत नव्हती. तो हात खोटा नव्हता. हेच मला अजून उलगडत नाही.

देविकाकडे एक छोटा गोल आरसा होता, दातांच्या डॉक्टरांकडे असतो त्याहून थोडा मोठा. बोलताना तो नाकाखाली धरायचा. हवा नाकातून सुटली की आरशावर वाफ धरते. रेवती बोलायची आणि आरसा पांढरा व्हायचा. गोळा पूर्ण झाला त्या दिवशी देविकानं आरसा धरला आणि म्हणाली, “म्हण, पपई.”

“पपई,” रेवती म्हणाली.

आरसा लख्ख होता. ‘प’ असा फुटला की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं. रेवतीनं स्वतःच दचकून मागे पाहिलं. मग ती सुटली. पपई, पाटी, काका, टोपी, खिडकी. घरी येताना बसमध्ये तिनं कंडक्टरला हाक मारून विचारलं, “टिकट कितने का है?” त्यानं सांगितलं. एकदाही “क्या बोली?” न म्हणता. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

घरी ती प्लेटला ‘माझं शेपूट’ म्हणायची. जेवणानंतर धुवायची, रात्री डबीत ठेवायची. अण्णासाहेब रोज सकाळी विचारायचे, “काय हो बाईसाहेब, शेपूट लावलं का?” आणि ती ओरडायची, “लावलंऽऽ!” ते ओरडणं शेजारच्या ब्लॉकपर्यंत जायचं. कुणी तक्रार केली असती तर मी पेढे वाटले असते.

त्याच हिवाळ्यात आमच्या भिंतीपलीकडच्या शेवटच्या शेतात शाळा उभी राहिली. एसी बस, पोहण्याचा तलाव, घोडे. आमची सोसायटी ज्या बिल्डरनं बांधली त्याचीच शाळा. उन्मेष रोज गॅलरीतून तिच्याकडे बघायचा. “यार संपदा, इथं मिळाली पाहिजे हं हिला. दुसऱ्या मुलांपेक्षा काही कमी नाही आपली मुलगी.”

मुलाखतीची तारीख आली तेव्हा मी देविकाला फोन केला. मुलाखतीत प्लेटबद्दल सांगायचं की नाही, हा माझा प्रश्न होता.

“काही सांगू नकोस,” देविका म्हणाली. “नॉर्मल मुलीसारखी ने. बोलते की ती छान. आणि तू कशाला घाबरतेस? मी आहे ना.”

मी फोन ठेवला आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

मुलाखतीला आईवडील दोघं लागत. उन्मेष टाय लावून आला. रेवतीला पिवळा फ्रॉक. खोलीत नव्या रंगाचा वास होता. टेबलामागे तीन खुर्च्या. एकीवर प्रिन्सिपल मॅडम, एकीवर बिल्डरसाहेब, आणि तिसरीवर देविका. सुती साडी, गळ्यात शाळेचा बिल्ला.

मला काय वाटलं असेल? मला हायसं वाटलं. आपलं माणूस आत बसलंय, आता कसली काळजी. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. ती हसली, पण ओळख दाखवली नाही. तेही मला शहाणपणाचंच वाटलं.

“बेटा, आपका नाम?” मॅडमनी विचारलं.

“मेरा नाम रेवती है. मैं पाँच साल की हूँ. मुझे पपीता पसंद है.” घरी घोकून घेतलेलं, पण तिनं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं नाही. एकेक ‘प’ टिचकी मारल्यासारखा. उन्मेषनं टेबलाखाली माझा हात दाबला.

“व्हेरी गुड,” मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहायला वळल्या. झालं होतं. खरोखर झालं होतं, आम्ही उठून निघू शकलो असतो.

तेव्हा देविका पुढे झुकली आणि मराठीत म्हणाली, “चिमणे, शेपूट काढून दाखव बरं. आपण क्लिनिकमध्ये काढतो ना, तसं.”

त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही चौघंच. घरच्या भाषेत, घरच्या आवाजात कुणी काही सांगितलं, तर पाच वर्षांचं मूल काय करणार? रेवतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिचं बोट तोंडात गेलं होतं. लाळेनं ओली प्लेट तिनं काढून तळहातावर धरली, अगदी शहाण्यासारखी.

“सर,” देविका हिंदीत म्हणाली, “अभी सुनिए. रेवती, फिर से बताओ, क्या पसंद है?”

आणि मग तिनं पर्स उघडून आरसा काढला.

मी त्या पर्सकडे बघत राहिले. आरसा क्लिनिकच्या ट्रेमध्ये असायचा, कापसाच्या डब्याशेजारी. आज तो पर्समध्ये होता. म्हणजे सकाळी घरातून निघताना, कुलूप लावताना, तिनं तो आठवणीनं उचलला होता.

रेवती बोलली. “मुझे पपीता पसंद है” यातलं काहीही त्या खोलीत पोचलं नाही. एक लांब, नाकातला, ओला आवाज आला. आरसा पांढरा झाला. देविकानं तो फिरवून सगळ्यांना दाखवला. मग म्हणाली, “अब लगाओ,” आणि रेवतीनं प्लेट लावली आणि पुन्हा तेच वाक्य स्वच्छ म्हणाली.

“अरे वाह!” बिल्डरसाहेब खुर्चीत सरसावून बसले. “ये तो कमाल है! फिर से निकालो बेटा, एक बार और.”

तिनं पुन्हा काढली. पुन्हा बोलली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्यांच्यामागोमाग उन्मेषनं.

उन्मेष वाईट माणूस नाही. नव्या कंपनीत त्याला एवढंच शिकवलं होतं, की साहेबांनी टाळी वाजवली की आपलेही हात उठले पाहिजेत. दोन-तीन टाळ्या वाजल्या असतील, मग त्याचे हात मधेच थांबले. पण रेवती तेव्हा बिल्डरकडे बघत नव्हती. ती बाबांच्या हातांकडे बघत होती.

प्लेट तिनं पुन्हा लावली नाही. मुठीत धरली.

पुढचं इंग्रजीत झालं. शाळेत एक स्पीच सेंटर निघणार, परदेशात असतं तसं. देविका त्याची प्रमुख. त्यासाठी खास वर्ग, मुख्य इमारतीच्या मागे, वेगळं गेट. रेवती त्या वर्गाची पहिली विद्यार्थिनी. माहितीपुस्तकात फोटो आला तर आमची हरकत नसावी. “साध्या वर्गात घातलं तर तिच्यावर अन्याय होईल,” मॅडम म्हणाल्या. कागदावर आधी लिहिलेलं त्यांनी माझ्यासमोर खोडलं.

चहा आला. मी चहा प्यायले. ‘थँक यू’ म्हणाले.

देविका आमच्या मागोमाग व्हरांड्यात आली. “संपदा, तू रागावलीस का?”

“तू म्हणालीस, कुणाला सांगू नकोस.”

“अगं, तू सांगितलं असतंस तर नुसती माहिती झाली असती. त्यांना ऐकवायला हवं होतं. हा माणूस ऐकल्याशिवाय पैसे सोडत नाही गं. बघ ना, अशी किती मुलं येतील आता इथं!”

“आमची मुलगी साध्या वर्गात जाणार होती.”

“साध्या वर्गात तिला कोण बघणार? प्लेट सैल झाली, गोळा बदलायचा झाला, तर? इथं मी आहे. तुझ्यासाठीच केलं मी हे.” आणि तिनं रेवतीच्या गालाला हात लावायला हात पुढे केला. रेवती उन्मेषच्या पँटमागे गेली.

माझ्या घशाशी काय काय आलं होतं. पण मंडळाचा गणपती, तिची आई माझ्या आईची वर्गमैत्रीण, उलट्या पुसणारा तो हात, आणि पुढच्या वेळी गोळा बदलायला जायचं कुणाकडे, हे सगळं एकदम समोर उभं राहिलं. “बरं, बघू,” एवढंच मी म्हणाले.

घरी सगळं ऐकल्यावर अण्णासाहेबांनी ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. ते उठले आणि फोनशी गेले. “तुम्हाला जमत नसेल तर मला भांडता येतं. तेहेतीस वर्षं हाताखालच्यांशी आणि वरच्यांशी भांडलोय मी.” नंबर फिरवला. “देविका का? मी अण्णासाहेब बोलतोय...” मग पलीकडचं ऐकत राहिले. मग म्हणाले, “हो, हो. आशीर्वाद. आई कशी आहे? गुडघे दुखतात अजून?” मग थोड्या वेळानं फोन ठेवून तिथंच उभे राहिले.

“तिनं आधी नमस्कार केला गं,” ते म्हणाले.

उन्मेषचं म्हणणं वेगळं. “अ‍ॅडमिशन तर मिळतेय ना? पुढच्या वर्षी नॉर्मल सेक्शनमध्ये टाकायला सांगू.”

“मागचं गेट, उन्मेष. तिच्यासाठी मागचं गेट.”

“तू प्रत्येक गोष्ट फार...” तो म्हणाला आणि थांबला, कारण रेवती दारात उभी होती. त्यानं हसून दोन्ही हात पसरले. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं बोलणं बंद केलं. हट्टानं, आदळआपट करून नव्हे. मान हलवायची, बोट दाखवायची. सकाळी अण्णासाहेब विचारायचे, “बाईसाहेब, शेपूट?” आणि ती ताटातल्या पोह्यांमधले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत बसायची. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तिनं दार लावून घ्यायला लावलं, खिडकीचे पडदे ओढले, प्लेट लावली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, मी बरोबर बोलते का चूक, ते सांगायचं नाही.” स्वच्छ बोलली. मी सांगितलं नाही.

त्या शाळेला आम्ही नकार दिला. उन्मेषनं शेवटी ऐकलं. मंडळात बातमी माझ्याआधी पोचली होती. एकजण मला म्हणाली, “एवढं केलं हो तिनं तुमच्या मुलीचं, आणि तुम्ही तिचं सेंटर नाकारलंत?” देविकाची पत्रिका सगळ्यांना गेली होती, उद्घाटनाची. आम्हालाही आली. त्यात रेवतीचा फोटो नव्हता, त्याऐवजी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता, तोंड उघडून हसणारा. मी ती फाडली नाही. मावळतीला गॅलरीत बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याच्या आईलाही कुणी मराठीत किंवा बंगालीत किंवा मल्याळीत, तिच्या तिच्या भाषेत, ‘मी आहे ना’ म्हटलं असेल.

आता प्लेट तपासायला आम्ही सरकारी हॉस्पिटलात जातो. रांगेत बसतो. मूल वाढतं तसा गोळा बदलावा लागतो. डॉक्टर दर वेळी वेगळे, हिंदीत बोलतात, फार गोडही बोलत नाहीत. त्यातल्या एका मुलीनं रेवतीला प्लेट काढायला सांगण्याआधी उठून खोलीचं दार लावलं. मी तिला नाव विचारायला विसरले.

एप्रिलपासून रेवती एका छोट्या शाळेत जाते. वैशालीतच, बाजाराच्या मागे, निळ्या गेटची, दुमजली. तिथं आम्ही कुणाला काही सांगितलेलं नाही. सकाळी ती प्लेट लावून निघते. पण संध्याकाळी फ्रॉकच्या खिशात प्लेट सापडते, रुमालात गुंडाळलेली. म्हणजे रिक्षातच काढते. आणि प्लेटशिवाय घाईनं पाणी प्यायलं तर ते नाकातून येतं. वर्गात तसं झालं तर मुलं बघतील, म्हणून ती पीतच नसावी. वॉटर बॅग जशी भरून देते तशीच परत येते. एप्रिल-मेचं दिल्लीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. विचारलं तर मान हलवते. टीचरला विचारलं तर त्या म्हणतात, “बहुत शांत बच्ची है जी, कोई परेशानी नहीं.”

मी गेटपाशी उभी राहून पाहिलं. आतलं काही दिसत नाही. उन्मेषला पाठवलं तर ती त्याला बघून आणखी आत जाऊन बसेल. मंडळातल्या दोघीतिघींची मुलं तिथं आहेत, पण त्यांना सांगायची मला आता हिंमत नाही. उद्या ते तिळगुळाबरोबर वाटलं जाईल.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. तुमचं मूल त्या निळ्या गेटच्या शाळेत असेल, किंवा तुम्ही तिथं शिकवत असाल, डबा पोचवायला जात असाल, तर मधल्या सुट्टीत केजीच्या वर्गात एक नजर टाका. खिडकीशी, दुसऱ्या रांगेत. तिला नाव विचारू नका. मराठीत तर मुळीच बोलू नका. बोलायला लावू नका, कौतुक करू नका. नुसतं बघा, तिनं पाणी प्यायलं का.